पहिला थिअरी पेपर परिषदेला पाठवताना: कुठे, कसा, आणि परीक्षक काय वाचतो

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: थिअरीत, म्हणजे सैद्धांतिक संगणकशास्त्रात, पीएचडीचं तिसरं वर्ष, विद्यापीठ महाराष्ट्रातलं, मार्गदर्शक डेटा मायनिंगचे. ग्राफमधून (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यातून) जास्तीत जास्त के शिरोबिंदू, म्हणजे बिंदू, काढून उरलेला ग्राफ एका ठरावीक वर्गात बसवायचा, या प्रश्नाला आधीचा अल्गोरिदम ३ चा के-वा घात इतका वेळ घेतो आणि तुमचा २.६ चा के-वा घात. लिखाण २३ पानं झालंय. भारतात भरणाऱ्या एफएसटीटीसीएस परिषदेला पाठवू की थेट स्टॉक-सोडासारख्या मोठ्या परिषदेचं दार ठोठावू, २३ पानांची १५ कशी करू, इंग्रजी कच्चं आहे म्हणून पेपर नाकारतील का, आणि मार्गदर्शकांचं नाव कुठे घालू, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत.

चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि पहिल्यांदा पेपर पाठवणाऱ्याला ती सहसा कुणी सांगत नाही. परिषदेत निर्णय होतो तेव्हा तुम्ही तिथे नसता. तुमचा पेपर नीट वाचलेली दोन-तीन माणसं असतात, बाकीच्या कमिटीने फार तर सारांश पाहिलेला असतो. त्या दोन-तिघांपैकी एकाला तरी तुमच्या वतीने चार वाक्यं बोलता आली पाहिजेत: प्रश्न काय, आधी कुठे अडलं होतं, यांनी काय वेगळं केलं, आणि सिद्धता बरोबर वाटते का. ही चार वाक्यं पेपरात तयार सापडली नाहीत तर परीक्षक ती तुमच्यासाठी रचत बसत नाही. पानं, भाषा, परिषदेची निवड, सगळं मी याच कसोटीवर ठरवतो. पुढे सोयीसाठी घाताचा फक्त पाया लिहितोय: ३, २.६ असा.

आधी एक तपासणी करा, कारण ती चुकली तर पुढचं सगळं वाया. तुमच्या ग्राफवर्गाची व्याख्या कशी आहे? निषिद्ध रचना (वर्गातल्या ग्राफमध्ये जे तुकडे असूच शकत नाहीत ते) जास्तीत जास्त तीन शिरोबिंदूंच्या असतील, तर ३ हा पाया कुणीही पाच मिनिटांत काढतो. निषिद्ध तिकडी शोधायची, तिघांपैकी एक काढावाच लागणार, म्हणून तीन फांद्या, प्रत्येकीत के एकाने कमी. असा प्रश्न म्हणजे थ्री-हिटिंग सेटचाच (दिलेल्या प्रत्येक तिकडीतला निदान एक घटक निवडायचा) विशेष प्रकार, आणि थ्री-हिटिंग सेटसाठी २.०७६ हा पाया वालस्ट्रोम यांच्या २००७ च्या प्रबंधापासून माहीत आहे. मग तुमचा २.६ पाठवण्याआधीच मागे पडलेला असतो आणि परीक्षक तीन ओळींत पेपर संपवतो. क्लस्टर व्हर्टेक्स डिलीशन हे याचं ओळखीचं उदाहरण: तिथे निषिद्ध रचना म्हणजे तीन शिरोबिंदूंचा मार्ग, आणि पाया केव्हाच २ च्या खाली गेलाय. उलट तुमच्या निषिद्ध रचना अगणित असतील, म्हणजे सगळी चक्रं किंवा सगळी विषम चक्रं अशा, तर हा आडमार्ग बंद होतो आणि ३ वरून २.६ ही खरी बातमी ठरू शकते. तुमच्या प्रश्नात वर्गाचं नाव नाही, त्यामुळे पुढचं सगळं दुसरी शक्यता गृहीत धरून लिहितोय.

याच ओघात साहित्यशोध. एकाच प्रश्नाला दोन-तीन नावं असतात. ऑड सायकल ट्रान्सव्हर्सल आणि ग्राफ बायपार्टायझेशन हे एकच. म्हणून नाव टाकून शोधणं पुरेसं नाही. ज्या पेपरात ३ हा पाया आलाय, तो गूगल स्कॉलरवर उघडा आणि त्याचा संदर्भ देणारे सगळे पेपर, नव्यापासून जुन्याकडे, शीर्षक आणि सारांशापुरते तरी पाहा. मग डीबीएलपीवर (संगणकशास्त्रातल्या पेपरांची सूची) त्या लेखकांची अलीकडची यादी, आणि शेवटी अर्काइव्हवरचे (arXiv, छापण्याआधीचे पेपर ठेवण्याचं संकेतस्थळ) गेल्या वर्षभरातले पेपर. तुमच्या प्रश्नाची वजनांची आवृत्ती किंवा दिशायुक्त ग्राफची आवृत्ती आधीच कुणी सोडवली असेल आणि तिच्यातून तुमचा निकाल फुकट मिळत असेल, हा धोका नाव शोधून कळत नाही. एक पूर्ण दिवस यावर खर्च करा.

आता कुठे पाठवायचं. स्टॉक आणि फॉक्स या संपूर्ण थिअरीच्या परिषदा. पहिली एसीएम या संस्थेची, १९६९ पासूनची, दुसरी आयईईई या संस्थेची, त्याहूनही जुनी. १९९० पासूनची सोडा अल्गोरिदमची. तिथे पाया सुधारणारे पेपर येतच नाहीत असं नाही, पण नुसत्या बारकाईच्या ब्रँचिंगवर (शक्यतांच्या फांद्या पाडत जाण्यावर) मिळालेली सुधारणा तिथे क्वचितच तग धरते. तिथला परीक्षक विचारतो की या पद्धतीतून दुसऱ्या प्रश्नांना काही मिळतं का. आकडा किती हलला याला कुठेच फार किंमत नसते, हेही लक्षात घ्या. व्हर्टेक्स कव्हरसाठी (प्रत्येक कडेचं निदान एक टोक येईल असे के शिरोबिंदू निवडण्यासाठी) चेन, कांज आणि शिया यांचा १.२७३८ हा पाया २००६ मध्ये आला, आणि तो १.२५२८४ वर आणणारा हॅरिस आणि आयआयटी मद्रासचे नारायणस्वामी यांचा पेपर २०२४ च्या स्टॅक्स परिषदेत. फरक दशांशाच्या दुसऱ्या स्थानावर आहे, पण अठरा वर्षं तो आकडा कुणाला हलवता आला नव्हता, आणि प्रश्न असा की विषयातल्या प्रत्येकाने त्यावर हात आजमावलेला. तेव्हा तुमच्या पेपरासाठी खरे प्रश्न दोन: ३ हा आकडा किती काळ, किती जणांच्या प्रयत्नांनंतर टिकून होता, आणि तो हलवायला तुम्हाला नवी कल्पना लागली की फक्त जास्त प्रकरणं पाडावी लागली.

नवी कल्पना असेल आणि ती पॅरामीटराइज्ड अल्गोरिदमच्या (ज्यांचा वेळ के सारख्या एखाद्या आकड्यावर मोजतात, त्या विषयाच्या) बाहेरच्या माणसालाही दोन पानांत समजावता येत असेल, तर ईएसए, स्टॅक्स, इकाल्प यांपैकी कुठेही पाठवण्यासारखा पेपर आहे. कल्पना चांगली पण त्याच विषयापुरती असेल तर आयपेक, एमएफसीएस, आयझॅक आणि एफएसटीटीसीएस. यातली आयपेक ही खास पॅरामीटराइज्ड लोकांचीच. तिथे परीक्षण अचूक मिळतं, कारण वाचणाऱ्याने तुमच्या संदर्भसूचीतले निम्मे पेपर स्वतः वाचलेले असतात. एफएसटीटीसीएस ही आयएआरसीएस या संगणकशास्त्र संशोधकांच्या भारतीय संस्थेची, १९८१ पासून दर डिसेंबरला भारतात भरणारी; दोन ट्रॅक, अ मध्ये अल्गोरिदम आणि गुंतागुंत (कॉम्प्लेक्सिटी), ब मध्ये तर्कशास्त्र, ऑटोमेटा वगैरे. तुमचा पेपर ट्रॅक अ चा. दोन्हींच्या डेडलाइन उन्हाळा संपता संपता, जून-जुलैच्या आसपास येतात, त्यामुळे त्याच वर्षी दोन्हीकडे पाठवणं जमत नाही. एकच पेपर एकाच वेळी दोन परिषदांकडे किंवा परिषद आणि जर्नल अशा दोघांकडे असणं हा सरळ नियमभंग आहे. परीक्षक दोन्हीकडे तेच निघतात आणि पकडला गेलात तर दोन्हीकडून बाहेर.

तुमच्या परिस्थितीत मी एफएसटीटीसीएस निवडेन. मार्गदर्शक या विषयातले नाहीत, म्हणजे तुम्हाला विषयातली माणसं भेटणं पेपरइतकंच गरजेचं आहे. टीआयएफआर, चेन्नईच्या आयएमएससी आणि सीएमआय, आयआयटी इथले लोक तिथे येतात, व्हिसा लागत नाही, रेल्वेने जाता येतं. २०१९ ची तर पवईलाच, आयआयटी मुंबईत झाली. कामकाज, म्हणजे स्वीकारलेले पेपर, लिपिक्स या मालिकेत छापलं जातं; ती जर्मनीतल्या डागश्टूल संस्थेची, वाचायला सर्वांना मोफत, आणि स्कोपस या सूचीत नोंद होणारी. विद्यापीठाच्या कारकुनाला पुढे ठेवायला कागद मिळतो. ‘स्कोपस इंडेक्स्ड’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या परिषदांपासून मात्र लांब राहा. कमिटीतली पाच नावं डीबीएलपीवर टाकून बघा, गेल्या तीन वर्षांचं कामकाज उघडून बघा. आठवड्यात स्वीकृती आणि आधी फी असा प्रकार असेल तर तिथे परीक्षण होतच नाही.

पेपर आत गेल्यावर त्याचं काय होतं ते पाहा, म्हणजे कुठे जोर लावायचा ते कळेल. बऱ्याच परिषदांत पूर्ण पेपराच्या आधी काही दिवस शीर्षक आणि सारांश नोंदवावा लागतो. कमिटीचे सदस्य तेवढंच वाचून ‘हा मला चालेल’ अशी बोली लावतात. सारांश गोलमोल असेल तर योग्य माणूस बोली लावत नाही आणि पेपर भलत्याच्या वाट्याला जातो. ‘आम्ही एका महत्त्वाच्या समस्येचा अभ्यास करतो’ अशा वाक्याने सुरुवात करू नका. प्रश्नाचं रूढ नाव, आधीचा पाया, तुमचा पाया, अल्गोरिदम यादृच्छिक (नाणेफेकीसारख्या निवडी करणारा) की निश्चित, आणि कल्पना एका वाक्यात, इतकं पहिल्या सहा-सात ओळींत हवं. मग साधारण तीन परीक्षणं होतात. सदस्याकडे आठवड्यांच्या मुदतीत दहाच्या आसपास पेपर असतात, मोठ्या परिषदेत त्याहून जास्त, म्हणून तो काही पेपर बाहेरच्या उपपरीक्षकाला देतो. हा उपपरीक्षक बहुतेकदा तोच असतो ज्याचा निकाल तुम्ही सुधारलाय. त्याच्या पेपराबद्दल प्रस्तावनेत तुसडं लिहू नका.

पहिली पाच पानं हाच सगळा खेळ. स्टॉक-फॉक्समध्ये अलीकडे पानांवर वरची मर्यादा ठेवत नाहीत, पण पहिल्या दहा पानांपुढचं वाचायचं की नाही ते कमिटीच्या मर्जीवर, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पंधरा पानांच्या परिषदेत ही मर्यादा कागदावर नसली तरी मनात असते. मी वाचायला घेतलेल्या पेपरात दुसऱ्या पानाच्या शेवटापर्यंत मुख्य प्रमेय, चौकटीत वेगळं मांडलेलं, आकड्यासकट दिसलं नाही तर मी ते शोधत पुढे जातो, आणि मधलं जे गाळतो ते बहुधा परत वाचत नाही. प्रमेयाच्या लगेच खाली छोटा तक्ता घाला: वर्ष, लेखक, पाया, यादृच्छिक की निश्चित, आणि मेमरीतली जागा बहुपदीत बसते की घातांकी लागते. शेवटचे दोन रकाने लोक विसरतात. तुमचा अल्गोरिदम निश्चित असेल आणि त्याहून चांगला यादृच्छिक अल्गोरिदम आधीपासून असेल, तर ते तुम्हीच सांगा. परीक्षकाने शोधून काढलं की लपवाछपवी वाटते, तुम्ही सांगितलं की ती फक्त तुलना असते.

मग दीड-दोन पानांचा पद्धतीचा आढावा. यात सिद्धतेचा क्रम सांगत बसायचं नसतं. अडथळा सांगायचा असतो. आधीच्या अल्गोरिदमात ३ का येतं, नेमकं कुठलं प्रकरण सर्वांत वाईट पडतं, त्या प्रकरणात सुचणारी सरळ युक्ती का चालत नाही, आणि तुम्ही मापन (प्रश्न किती उरला हे मोजणारा आकडा) म्हणून फक्त के न घेता दुसरं काय घेतलं की ते प्रकरण सुटलं. एक लहानसं चित्र, पाच-सहा शिरोबिंदूंचं, इथे एका पानाचं काम करतं. हा भाग लिहिताना अडखळायला होत असेल तर बहुधा तुमच्याकडे कल्पना नाही, प्रकरणं आहेत. तरी पेपर पाठवता येतो, फक्त परिषदेची निवड खालची करावी लागते.

२३ पानांची १५ करणं त्यामानाने सोपं. आधी मोजा की मर्यादेत संदर्भसूची धरली आहे का. बहुतेक ठिकाणी नसते, आवाहनपत्रात (कॉल फॉर पेपर्स) बघून घ्या. ढोबळ वाटणी: प्रस्तावना आणि तक्ता दोन पानं, आढावा दोन, व्याख्या एक, सिद्धता आठ-नऊ, समारोप अर्धं. ग्राफ म्हणजे काय, शेजारी म्हणजे काय, यावर दोन पानं घालवणारे पेपर नेमके सिद्धतेत काटछाट करतात. सिद्धतेचा सांगाडा आणि सर्वांत अवघड प्रकरण संपूर्ण, मुख्य भागात ठेवा. सोपी आणि एकासारखी एक प्रकरणं परिशिष्टात न्या, मुख्य भागात त्या विधानांवर चांदणीची खूण करा. लोक नेमकं उलट करतात: अवघड लेमा (सहायक प्रमेय) लांब म्हणून परिशिष्टात आणि ‘हे उघड आहे’ छापाचे तीन लेमा पुढे. परीक्षकाला मग कष्टाचा पत्ताच लागत नाही. लेटेक या पेपर टंकायच्या प्रणालीत थीएम-रिस्टेट हे पॅकेज वापरलंत तर विधान एकदाच लिहून परिशिष्टात त्याच क्रमांकाने पुन्हा येतं; हाताने नक्कल केली की दोन्हीकडची विधानं हळूहळू वेगळी होतात. लिपिक्सची शैली ओळींना क्रमांक देते, ते काढू नका, परीक्षक त्यांनीच बोट ठेवतो. समास आणि ओळींमधलं अंतर आवळू नका, ते लगेच दिसतं.

पुराव्याच्या अचूकतेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुमच्यासारख्या पेपरात चुका ठरलेल्या जागी सापडतात. पहिली जागा म्हणजे संक्षेपाचे, म्हणजे ग्राफ लहान करण्याचे नियम. नियम दोन्ही दिशांनी सुरक्षित हवा: जुन्या ग्राफला उत्तर असेल तर नव्याला आहे, आणि नव्याला असेल तर जुन्यालाही. दुसरी दिशा ‘तशीच’ म्हणून सोडलेली असते आणि चूक तिथेच असते. दुसरी जागा क्रम. चौथा नियम लावताना पहिले तीन आता लागू नाहीत असं गृहीत असतं. पण चौथा लावला की ग्राफ बदलतो आणि पहिला पुन्हा लागू होऊ शकतो. तेव्हा दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते हे लिहा, आणि कुठल्याही नियमाने मापन वाढत नाही हे प्रत्येकासाठी दाखवा. मापन के न घेता के वजा काहीतरी असं घेतलं असेल तर ते ऋण झालं की उत्तर ‘नाही’च असतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. तिसरी जागा प्रकरणांची यादी: शिरोबिंदूला तीन शेजारी आहेत असं म्हटलं, पण त्यातले दोन एकमेकांचेही शेजारी असतील तर? दुहेरी कडा असतील तर?

चौथी जागा क्षुल्लक वाटते. ब्रँचिंगमध्ये मापन एका फांदीत १ ने आणि दुसरीत २ ने घटत असेल तर पाया १.६१८०३… येतो. पेपरात तो १.६१८० लिहिला तर विधान खोटं झालं. वरच्या बाजूला पूर्णांकन करून १.६१८१ लिहायचं. १ आणि ३ ने घटत असेल तर १.४६५६. प्रत्येक प्रकरणासमोर घट आणि त्यातून येणारा पाया लिहिलेला एक तक्ता द्या, आणि सर्वांत मोठा आकडा कुठल्या प्रकरणातून आला ते ठळक करा. परीक्षक तेवढं एक प्रकरण नक्की तपासतो. मापनातली वजनं संगणकाने शोधून काढली असतील तर तो छोटा प्रोग्रॅम जोडा.

पाठवण्याआधी एक चाचणी करा, कारण ती स्वस्त आहे. नॉटी (nauty) नावाच्या सॉफ्टवेअर संचात जेंग (geng) म्हणून साधन आहे, ते दिलेल्या शिरोबिंदूंचे सगळे वेगवेगळे ग्राफ काढून देतं. आठ शिरोबिंदूंचे असे १२,३४६ ग्राफ आहेत. प्रत्येकाचे २५६ उपसंच तपासून खरं उत्तर काढा, मग तुमचा प्रत्येक नियम लावून उत्तर तेच राहतं का पाहा. सगळं मिळून सुमारे ३२ लाख तपासण्या, लॅपटॉपवर चहा व्हायच्या आत. नऊ शिरोबिंदूंना २,७४,६६८ ग्राफ, तेही झेपतात. दुहेरी कडा लागत असतील तर त्याच संचातलं मल्टिग वापरा. याने सिद्धता होत नाही, पण चुकीचा नियम बहुतेक वेळा सात-आठ शिरोबिंदूंवरच उघडा पडतो, आणि तो परीक्षकाऐवजी तुम्हाला सापडलेला बरा. चूक नंतर सापडली तर कमिटीच्या अध्यक्षांना तातडीने कळवा. ग्राफ आयसोमॉर्फिझमवरचा (दोन ग्राफ मुळात एकच आहेत का, या प्रश्नावरचा) बाबाई यांचा निकाल २०१६ च्या स्टॉकमध्ये आला, आणि जानेवारी २०१७ मध्ये हेल्फगॉट यांनी त्यात चूक दाखवली. बाबाईंनी दावा जाहीरपणे मागे घेतला, काही दिवसांत दुरुस्ती केली आणि दावा पुन्हा मांडला. त्यांची किंमत त्याने तसूभर कमी झाली नाही.

इंग्रजीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. या विषयात जगभरचे लोक साध्या, आखूड वाक्यांत लिहितात आणि व्याकरणाच्या चुकांवरून पेपर नाकारला जात नाही. नाकारला जातो तो संदिग्धतेवरून: ‘हे’ म्हणजे कुठलं, ‘काही’ म्हणजे किमान एक की कुठलाही. भाषा दुरुस्त करायला एआय साधन वापरलंत तर आवाहनपत्रात त्याबद्दल काय म्हटलंय ते वाचा, आणि त्याने सुचवलेला एकही संदर्भ डीबीएलपीवर पाहिल्याशिवाय ठेवू नका. अस्तित्वात नसलेला संदर्भ ही हल्ली परीक्षकाच्या डोक्यात सर्वांत आधी तिडीक आणणारी गोष्ट आहे. सिद्धतेतल्या वाक्यांना हात लावू देऊ नका. ‘किमान’चं ‘कमाल’ झालेलं तुमच्या लक्षात येणार नाही.

मार्गदर्शकांचं नाव. थिअरीत लेखक आडनावाच्या अक्षरक्रमाने लिहितात, पहिला-दुसरा असा मान नसतो. आपल्याकडच्या विद्यापीठांत मात्र ‘प्रथम लेखक’ लागतो आणि आडनाव ‘स’ किंवा ‘व’ वरून असलेल्याची पंचाईत होते. क्रम बदलू नका, विषयातल्या वाचकाला त्याचा भलताच अर्थ लागतो. त्याऐवजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं २००४ चं निवेदन विभागाला जोडून द्या; गणितात संयुक्त लेखन अक्षरक्रमाने होतं हे त्यात स्वच्छ लिहिलंय. मार्गदर्शकांनी निकालात किंवा सिद्धतेत भाग घेतला असेल तर ते लेखक, नुसतं मार्गदर्शक आहेत म्हणून नाव घालायची या विषयात प्रथा नाही. पण हा वाद तुमच्या विभागात परवडेल का हे तुम्हीच जाणता. निदान पाठवण्याआधी त्यांच्याशी मोकळं बोला, स्वीकृतीनंतर लेखक वाढवणं जवळपास कुठेच चालत नाही. स्वतःचं नाव मात्र आजच ठरवा: मधलं वडिलांचं नाव घालायचं की नाही, आडनावाचं स्पेलिंग कुठलं. पुढे बदललंत तर डीबीएलपीवर तुमची दोन माणसं होतात.

परीक्षण दुहेरी अनाम (लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावं न कळणारं) असेल तर पीडीएफमधून नावं, आभार आणि अनुदानाचा क्रमांक काढा. लिपिक्सच्या शैलीला ॲनॉनिमस हा पर्याय दिला की पहिलं पान झाकतं, पण आभाराचा परिच्छेद आणि ‘आमच्या आधीच्या पेपरात’ असली वाक्यं तुम्हालाच काढावी लागतात. अर्काइव्हवर पेपर टाकायला बहुतेक थिअरी परिषदांची हरकत नसते. पहिल्यांदा टाकणाऱ्याला विषयातल्या जुन्या लेखकाची शिफारस लागू शकते, ती महिनाभर आधी मिळवून ठेवा. तिथे लेटेकची मूळ फाइलही कुणालाही उतरवून घेता येते. टक्केवारीच्या खुणेमागे लिहिलेल्या, पीडीएफमध्ये न दिसणाऱ्या ‘हा लेमा बहुतेक चुकीचा’ अशा टिपा आधी पुसा. आणि एकदा गेलेली आवृत्ती कायम राहते, मागे घेतली तरी.

डेडलाइनची वेळ नीट वाचा. ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे २:३० आणि हिवाळ्यात ३:३०. आदल्या दिवशी एक पूर्ण आवृत्ती चढवा, नंतर हवी तितक्या वेळा बदला. पेपर चढवायला हॉटसीआरपी ही प्रणाली असेल तर ‘परीक्षणासाठी तयार’ या चौकटीत टिक केलेली आहे का पाहा. ती करायची राहिली तर फाइल चढूनही पेपर मसुदाच राहतो. हितसंबंधांच्या यादीत कमिटीतले तुमचे सहलेखक आणि संस्थेतले लोक भरा. मग चढवलेली पीडीएफ पुन्हा उतरवून शेवटच्या पानापर्यंत उघडून बघा. प्रश्नचिन्हं झालेले संदर्भ तिथेच दिसतात.

निकाल दोन महिन्यांनी. नाकारला गेला तर परीक्षणं दोन दिवस बाजूला ठेवा, मग ओळ न् ओळ वाचा. या विषयात एका प्रश्नावर जगभरात मोजकेच लोक काम करतात, पुढच्या परिषदेतही पेपर त्यांच्यापैकीच कुणाकडे जाण्याची शक्यता मोठी. मागच्या वेळी दाखवलेली त्रुटी तशीच राहिली असेल तर तो परीक्षक जुनंच परीक्षण चिकटवतो. एखाद्याने काही चुकीचं समजून घेतलं असेल, तर त्याचा समज तसा होण्यासारखं वाक्य तुमच्या पेपरात कुठे आहे ते शोधा आणि ते बदला. जुलैत पाठवलेला पेपर नाकारला गेला तर तो दुरुस्त करून वाट पाहायला लागू नये म्हणून पुढची जागा आत्ताच हेरून ठेवा: स्टॅक्सची डेडलाइन साधारण सप्टेंबरात असते, एमएफसीएस आणि ईएसएची एप्रिलच्या सुमारास.

स्वीकारला गेला तर अंतिम प्रतीसाठी तीन-चार आठवडे मिळतात. तिथे परिशिष्ट छापलं जात नाही, म्हणून सगळ्या सिद्धतांसह पूर्ण आवृत्ती त्याआधी अर्काइव्हवर टाका आणि अंतिम प्रतीत तिचा दुवा द्या. लेखकांपैकी एकाने नोंदणी करून व्यासपीठावर बोलावं लागतं, साधारण वीस मिनिटं. परदेशातली परिषद असेल तर एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस मिळून विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत देतात. परिषदेचा पेपर छापून आला की पूर्ण आवृत्ती अल्गोरिदमिका किंवा तत्सम जर्नलकडे पाठवता येते. तिथले परीक्षक परिशिष्टातलं प्रत्येक प्रकरण तपासतात, त्यामुळे जेंगने केलेल्या चाचणीचा प्रोग्रॅम तोवर फेकून देऊ नका.